गढीच्या मागचा झरा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचं नाव घेईन. शाळा तालुक्याच्या गावातली. नकाशातल्या समोच्च रेषा आम्हाला काही केल्या कळेनात, तेव्हा बाईंनी घमेल्यात चिखलाचा डोंगर केला, वर्गावरून नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "ऊठ. शिक्षकांच्या खोलीतल्या माठातून तांब्याभर पाणी घेऊन ये."

आमच्या वस्तीतल्या मुलाने त्या माठाला हात लावायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. मी पाणी आणलं. घाबरत चालताना निम्मं वाटेतच सांडलं. "हळू ओत," बाई म्हणाल्या. पाणी डोंगराला जिथे टेकलं तिथे त्यांनी काडीने रेघ ओढली. थोडं आणखी पाणी, त्याच्यावर आणखी एक रेघ. मग म्हणाल्या, "कुठल्याही गावाचा नकाशा हातात आला की आधी पाणी कुठून येतं ते बघायचं. कोण कुठे राहतं ते मग आपोआप कळतं."

पुढे अनेक वर्षांनी तसंच पाणी सांडलं ते ग्लासगोमध्ये.

जुन्या गावांची रचना शिकायला मी तिथे सरकारी शिष्यवृत्तीवर गेलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. निघताना सगळी वस्ती एसटी स्टँडवर आली होती. वर्षाचा निकाल एका अभ्यासावर अवलंबून होता: इटलीतलं एक डोंगरी गाव. सगळा वर्ग तिथे जाऊन राहणार होता. विलायतेचा व्हिसा मिळाला म्हणजे युरोप खुला, अशी माझी समजूत. वर्गात बाकी कोणाला व्हिसा लागतच नव्हता, त्यामुळे विषय निघालाच नाही. इटलीचा वेगळा व्हिसा काढावा लागतो हे मला कळलं, तेव्हा मुलाखतीची तारीख मिळाली ती सगळे परत आल्यानंतरची.

"नकाशे आहेत, फोटो आहेत, तिथल्या उमराव घराण्याच्या कागदांची भाषांतरं आहेत," आमच्या प्राध्यापिका म्हणाल्या. "त्यावर काम कर. पण सूट मिळणार नाही."

नापास झालो तर शिष्यवृत्ती बंद आणि मी घरी. घरी जाऊन काय सांगायचं? रविवारी आईला फोन करायचो, तोही टाळू लागलो.

ते गाव मात्र हळूहळू ओळखीचं होत गेलं. उभ्या उतारावर दगडी ताली, म्हणजे बांध घालून केलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांच्या वर चेस्टनटच्या झाडांचं दाट रान. गहू तिथे पिकत नसे. लोक चेस्टनटच्या बिया वाळवून त्यांचंच पीठ खात, आमच्याकडे नाचणी खातात तसं. उताराच्या मध्यावर उमरावांची गढी आणि बुरूज. त्या घराण्याने काही शतकं खोऱ्यावर सत्ता गाजवली. एकाने सख्ख्या भावाला बुरुजात कोंडलं, एकाने चर्च बांधून वर आपलं चिन्ह कोरलं. दळण उमरावांच्याच पाणचक्कीवर न्यायचं आणि पिठातला वाटा तिथेच ठेवायचा, असा नियम.

वर्गातली मुलं इटलीहून परत आली ती उन्हाने लाल होऊन. चढ किती दमवतो, दगड कसे तापतात, हेच बोलणं. मी ऐकत राहायचो. हे सगळे पाहून आले. यांच्यासमोर मी काय बोलणार?

एक गोष्ट मला सारखी खटकत होती. बुरूज टेहळणीसाठी बांधला असं सगळी पुस्तकं सांगत होती. पण नकाशात गढीच्या मागेच तिच्याहून उंच टेकाड रिकामं होतं. टेहळणी करायची तर माणूस तिथे बांधेल.

शेवटी मी भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या टबात मातीचा तो डोंगर केला. माझा रूममेट पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. किचनच्या दारात उभा राहून म्हणाला, "काय रे, परत जायचंय म्हणून शेतीची प्रॅक्टिस का?"

"गप. पाण्याचा जग दे तो."

"जग घे, पण टब धुऊन ठेव. बाय द वे, तुझ्या आडनावावरून काही कळत नाही रे. तुम्ही नक्की कोण?"

हा प्रश्न त्याने आधीही विचारला होता. दर वेळी मी करायचो तेच केलं, ऐकू न आल्यासारखं. गढीच्या मागे, नकाशात झऱ्याची निळी रेघ सुरू होत होती तिथे, पाणी ओतलं. ते गढीच्या अंगणातून, पाणचक्कीवरून, चर्चच्या चौकातून वाहत शेवटच्या घरांशी पोचलं तेव्हा त्याचा नुसता गाळ झाला होता. मी ते बघत बसलो.

टब जड होता. सादरीकरणाच्या दिवशी तो जिन्यावरून वर्गात न्यायला रूममेटच आला आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिला. पाणी ओतताना थोडं टेबलावरच्या कागदांवर सांडलं. बुरूज पहाऱ्यासाठी नसून झऱ्यावर ताबा ठेवण्यासाठी होता, एवढं सांगून मी थांबलो.

"पण तू तिथे गेलाच नाहीस," वर्गातला एक मुलगा म्हणाला. "आम्हाला गाइडने सांगितलं, लुटारूंवर नजर ठेवायला होता."

प्राध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला पाणीच आधी का दिसलं?"

बाईंनी शिकवलं म्हणून, एवढं सांगून सुटता आलं असतं. पण ते अर्धंच उत्तर होतं, आणि अर्ध्या उत्तराने मी तरणार नव्हतो. मागे रूममेट उभा होता. मी म्हणालो, "माझ्या गावातही गढी आहे. ओढा तिच्याजवळून खाली येतो. आमची वस्ती सगळ्यांत शेवटी. वरच्यांचं भागल्यावर जे येईल ते आमचं. वरच्या पाणवठ्यावर आमच्या आज्याला पाऊल ठेवू देत नव्हते. त्याला अस्पृश्य म्हणायचे."

प्राध्यापिकांनी ओले कागद उचलून झटकले आणि काहीतरी लिहिलं.

जिन्यावरून टब उतरवताना रूममेट वळणावर थांबला. मग म्हणाला, "सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं का तुला?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

त्याने त्याच्या बाजूने टब जरा खाली घेतला. मी खालच्या पायरीवर होतो, पाणी माझ्या अंगावर येत होतं.

निकाल लागला त्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं.

आदरणीय बाई,

सविनय जयभीम. आजवर तुम्हाला 'सादर नमस्कार' लिहीत आलो. माझी वस्ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, तरी हे शब्द लिहायला भीती वाटायची. आजही वाटते आहे.

मी पास झालो. शेरा असा आहे: पटण्यासारखं आहे, सिद्ध झालेलं नाही. तो बरोबर आहे. ते गाव मी अजून पाहिलेलं नाही. घमेलं मिळालं नाही, भांड्यांचा टब वापरला. पाणी इथेही सांडलं.

एक विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी माझा हात लागल्यावर त्या माठातलं पाणी शिक्षकांच्या खोलीत कोणी प्यायलं का? आणि मला उठवताना तुम्हालाही भीती वाटली होती का? जमलं तर कळवा.

तुमचा विद्यार्थी