दिव्याखालची तूर

चिंचपाड्याजवळच्या पाड्यातली प्रिस्किला गावित लहानपणी बापाला, दानियलला, विचारायची, तूर केव्हाही पेरली तरी फुलते मात्र थंडीच्या तोंडालाच, ते का? उत्तर तिला पुढे कृषी विद्यापीठात सापडलं: रात्री लांबल्या की ही तूर फुलं धरते.

ती पीएच.डी.ला असताना त्यांच्या शेताच्या बांधालगत रस्त्यावर मोठा दिवा लागला. तिथं आता रात्र पडतच नव्हती; प्रिस्किलाला विषय मिळाला. तिच्या सांगण्यावरून दानियलनं दिव्याखालच्या पट्ट्यात तूर पेरली. सोमीबाई, तिची आई, रोज संध्याकाळी त्यातल्या काही झाडांवर काळं कापड टाकायची, सकाळी काढायची. झाकलेली झाडं फुलली. उरलेली नुसतीच माजली, हिरवीगार.

“उपटून हरभरा टाकतो,” दानियल म्हणाला.

“राहू दे, बा. फूल न येणं हेच मला हवंय.”

दानियल बैलांकडे निघून गेला. त्या साली घरची डाळ पुरली नाही. खांडबाऱ्याच्या सुमेरमलच्या दुकानातून आणावी लागली.

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव मार्गदर्शकांचं, दुसरं त्यांच्या पुतण्याचं, प्रिस्किलाचं शेवटी. पदवी त्यांच्या हातात होती, म्हणून ती गप्प बसली.

डॉक्टर झाल्यावर ती ग्रामसभेत उभी राहिली. “दिव्याला शेताच्या बाजूनं पत्रा लावा. रस्त्यावरचा उजेड तसाच राहील.”

“मॅडम, लोक आमच्याकडे उजेड मागायला येतात. अंधार मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या,” ग्रामसेवक म्हणाले. सभा हसली.

शेजारची सुषमा मात्र हसली नाही. दिवा लागण्याआधी त्याच वाटेवर तिच्या नवऱ्याला साप चावला होता. “तुझी तूर फुलायला आमची माणसं मरू द्यायची का?”

“तसं नाही, वहिनी, रस्त्यावर तर...”

“खाली बस,” सोमीबाईनं लेकीचा हात ओढला. “मीच सही केली होती त्या दिव्याच्या अर्जावर.”

प्रिस्किला बसली. पत्र्याचं पुन्हा कुणी बोललं नाही.

आता ती नंदुरबारच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवते. दानियलनं त्या पट्ट्यात गुरांसाठी गवत लावलंय. परवा सुट्टीत आली तेव्हा ती बांधावर उभी राहून म्हणाली, “बा, रात्र लांबली नाही तरी फुलणारं तुरीचं वाण मिळतं. लावून बघू या?”

दानियल गवत कापत होता. त्यानं विळा थांबवला नाही.

“तुला अजून काय बघायचंय?”