अव्वाचं कार्ड

"म्याडम, मिशन कार्ड घेईना."

डिसेंबरची एक तारीख होती. माझ्या टेबलासमोर पन्नाशीचा एक माणूस उभा होता. धुऊन धुऊन विटलेला शर्ट, केसांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले, हातात एटीएम कार्ड. कार्ड का चालत नाही हे मला पक्कं माहीत होतं, कारण ते मीच बंद केलं होतं. तरी मी कॉम्प्युटरमध्ये बघितल्यासारखं केलं.

"कार्ड ब्लॉक आहे. खातेदाराच्या सांगण्यावरून."

"खातेदार म्हंजे?"

"नीलव्वा. तुमची आईच ना?"

त्यानं कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अव्वानं सांगितलं, बंद करा म्हणून?"

"हो."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला उत्तर द्यायची मला सवय आहे. त्यानं कार्ड खिशात घातलं आणि मान खाली घालून निघून गेला. मी शिपायाला चहा सांगितला. त्या दिवशी काहीतरी मोठं काम केल्यासारखं मला वाटत होतं.

मी बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली. शेवटची सहा वर्षं सोलापुरात, सात रस्ता चौकापासून चालत पाच मिनिटांवरच्या शाखेत, पेन्शन डेस्कवर. डेस्क म्हणजे एक टेबल, अंगठ्याचं एक मशीन आणि समोर दोन खुर्च्या. त्यातली एक डुगडुगायची. तरुण अधिकाऱ्यांना कर्ज विभाग हवा असतो, पेन्शन डेस्क कुणालाच नको असतो. मला तिथे बसवलं ते माझ्या फटकळ तोंडामुळे, असं शाखेत म्हणायचे. ते काही अगदीच खोटं नाही.

या डेस्कचा खरा महिना नोव्हेंबर. पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवून द्यावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. मशीनवर अंगठा टेकवायचा, मशीननं ओळखला की वर्षभर काळजी नाही. दाखला झाला नाही तर पेन्शन थांबते. सरकारी नोकर वारला की त्याच्या बायकोला जी मिळते ती फॅमिली पेन्शन. ती मूळ पेन्शनपेक्षा कमी असते आणि बायको गेली की बहुतेक घरांत तिथेच संपते.

नीलव्वांना फॅमिली पेन्शन होती. त्यांचे मालक पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते, म्हणजे ठरलेल्या भागाचं पाणी ठरलेल्या वेळी सोडणारा माणूस. सोलापुरात या माणसाला किती मान असतो हे ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना कळायचं नाही. मालक जाऊन बारा वर्षं झाली होती. पेन्शन अकरा हजारांच्या आतबाहेर.

त्या नोव्हेंबरात त्या दाखल्याला आल्या. पंचाहत्तरी उलटलेली, कपाळावर विभूती, चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. चष्म्याची एक काच तडकलेली. अंगठा चौथ्यांदा टेकवल्यावर मशीननं ओळखला. तोवर मी बोलत होते.

"किती पेन्शन येते, आजी?"

"काय की. मल्लू बघतोय."

"कार्ड कुणाकडे असतं?"

"मल्लूकडंच की."

"वर्षभरात तुम्ही स्वतःसाठी काय घेतलंत?"

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मिश्री," त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. अकरा हजार रुपये महिना, आणि पायात सुतळी! नियमानं कार्ड आणि पिन खातेदारानं दुसऱ्या कुणालाही द्यायचा नसतो, अगदी मुलालाही नाही. मी त्यांना तो नियम सांगितला. कार्ड बंद करू, तुम्ही दर महिन्याला पासबुक घेऊन या, तुमचे पैसे तुमच्या हातात देईन, असंही सांगितलं.

त्या जरा घुटमळल्या. "मल्लू रागंला येईल की, म्याडम."

"आला तर मला सांगा," मी म्हणाले.

हे वाक्य मला अजून आठवतं. आणि आठवलं की लाज वाटते.

मॅनेजर साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "नियमानं तुमचं बरोबर आहे. फक्त लोकांच्या घरात शिरू नका."

"मी खात्यात शिरलेय, साहेब. घरात नाही."

त्यांनी पुढे वाद घातला नाही.

कार्ड बंद असल्याचं मुलाला कळल्यावर तिसऱ्या दिवशी नीलव्वा पासबुक घेऊन आल्या. मी स्लिप भरली, त्यांनी अंगठा दिला, कॅशिअरनं नोटा दिल्या. त्या नोटा त्यांनी पदरात धरून बराच वेळ नुसत्या बघितल्या. दोन हजार आपल्याजवळ ठेवायचे, बाकीचे मुलाला घरखर्चाला द्यायचे, असं आम्ही दोघींनी ठरवलं. आठ दिवसांनी त्या मुद्दाम वाकडी वाट करून नवी चप्पल दाखवायला आल्या. जेवणाच्या सुट्टीत मी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. दोनदा सांगितली.

जानेवारीत त्या आल्या तेव्हा पायात नवी चप्पल होती, पण गाल आत गेले होते. मी स्लिप भरत होते तोवर त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसल्या. शिपायानं दिलेल्या चहात पिशवीतून काढलेला एक तुकडा बुडवून चोखायला लागल्या. कडक भाकरीचा तुकडा होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे ज्वारीची भाकरी पातळ थापून पापडासारखी वाळवतात. ती महिनोन्‌महिने टिकते, दुकानांत थप्पी लावून विकतात. चवीला झकास असते. पण ती चावायला दात लागतात, आणि नीलव्वांच्या तोंडात समोरचे तीनच उरले होते.

"आजी, हे कसं खाता तुम्ही?"

"आता हेच असतंय," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं कळलं. मल्लू म्हणजे मल्लिनाथ, टॉवेलच्या कारखान्यात मागावर. माग कधी चालू, कधी बंद. त्याची बायको सविता घरी कडक भाकऱ्या करून दुकानांना घालायची. पहाटे चारला तवा पेटायचा. तव्यावरची पहिली भाकरी मऊ, गरम, दूध घालून अव्वाला. ती कधी हिशोबात धरली नव्हती. दुसऱ्या भाकरीपासून मोजणी सुरू व्हायची.

"आणि आता ती तुम्हाला उपाशी ठेवते?" मी विचारलं. माझा हात जवळजवळ फोनकडे गेला होता.

"न्हाय न्हाय! उलट लई इचारती. अव्वा, एक टाकू का दोन? दूध घेणार का आज? गोळ्या संपल्यात, पैसं देताय का? आदी कदी इचारत न्हवती, म्याडम. मग मीच नगं म्हनती, अन् हे चोखत बसती."

मला कळेना यात वाईट काय.

त्यांनी तुकडा बशीत ठेवला. "पैसं मल्लूच्या हातात व्हतं तवा मी घरातली व्हते. कोण किती खातंय, कोण बघत न्हवतं. आता मी पैसं देऊन जेवती. माज्या हातात पैसा आला अन् माज्या भाकऱ्या मोजायला लागले. त्यांचं बी काय चुकलं? मीच पैला मोजून दिलं की."

मोजून द्यायला मी शिकवलं होतं. हे त्या बोलल्या नाहीत.

"कार्ड परत द्या, म्याडम."

मी ऐकायला तयार नव्हते. निदान महिन्याला एक हजार वेगळ्या खात्यात टाकू, मुलाला कळणारही नाही, असं मी सुचवलं.

"त्या हजाराशी बोलत बसू का मी?" त्या म्हणाल्या.

"आजी, यात तुमचं नुकसान आहे."

"असू दे की."

मी नव्या कार्डाचा अर्ज भरला. राग मुलाचा आला होता, सुनेचा आला होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त नीलव्वांचा आला होता. मी त्यांच्यासाठी एवढं केलं आणि त्यांना ते नको होतं.

फेब्रुवारीत मायलेक दोघं मिळून आले. पिन तयार झाला. नियमाप्रमाणे मी सांगितलं, "हा नंबर कुणालाही सांगायचा नाही." नीलव्वांनी मान डोलावली आणि माझ्यादेखत कार्ड मुलाच्या हातात दिलं. मल्लिनाथनं ते खिशात घातलं.

"म्याडम, एक इचारू? तुमी आमच्या घरी कदी आलता?"

"नाही."

"या की एकदा," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता.

मी गेले, पण पुढच्या नोव्हेंबरात, आणि तेही ड्युटी म्हणून. नीलव्वा घरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. जे पेन्शनर हलू शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन दाखला करावा लागतो. मशीन पिशवीत घालून मी रिक्षानं गेले.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पांढऱ्या फडक्याखाली भाकऱ्यांची चळत. आतल्या खोलीत घरातला एकुलता एक पंखा, आणि त्याच्या बरोबर खाली नीलव्वांची खाट. केस विंचरलेले, लुगडं स्वच्छ. उशाशी वाटीत दुधात कुस्करलेली मऊ भाकरी. मल्लिनाथ घरीच होता. दिवाळीपासून कारखाना बंद होता, हे सवितानं पाणी देता देता सांगितलं. म्हणजे त्या घरात ठरल्या तारखेला पगार आणणारं एकच माणूस होतं, आणि ते खाटेवर होतं.

"नोव्हेंबर आला की मी शिंकले तरी सगळ्यांना ऐकू येतंय, म्याडम," नीलव्वा हसत म्हणाल्या. मुलगा हसला, सूनही हसली. त्यात लपवाछपवी काही नव्हती. मला मात्र हसू आलं नाही.

सवितानं त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्यानं, मग हातात धरून जरा चोळला. मी न सांगता. तिला हे सवयीचं होतं. पहिल्यांदा मशीननं ओळखलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मल्लिनाथ दाराची चौकट धरून उभा होता. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला.

"झालं," मी म्हणाले.

सवितानं खाली बसून तोंडाला पदर लावला. मल्लिनाथ पटकन बाहेर गेला. नीलव्वा माझ्याकडे बघत होत्या. "बगितलंसा?" एवढंच त्या म्हणाल्या. मी बघितलं होतं. हे प्रेम होतं की पेन्शनची काळजी, हे मी रिक्षात बसून ठरवायचा प्रयत्न केला. ते वेगळं करता येईना, आणि त्या घरात ते कुणी वेगळं करतही नव्हतं. मला फार उदास वाटलं.

उन्हाळ्यात नीलव्वा गेल्या. चौथ्या दिवशी मल्लिनाथ मृत्यूचा दाखला आणि कार्ड घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

हे सहसा घडत नाही. पुष्कळ घरं दोन-चार महिने कळवतच नाहीत, पेन्शन येईल तेवढी उचलतात. मग बँकेच्या लक्षात येतं, वसुली लागते, आणि डेस्कवरच्या माणसाला खुलासा द्यावा लागतो. चौथ्या दिवशी आलेला माणूस मी तरी तोवर पाहिला नव्हता.

"एवढ्या लवकर आलात?" मी विचारलं.

"अव्वानंच सांगून ठिवलं व्हतं. मी गेले की पैला म्याडमला सांग, उगं त्यांच्यावर काय यायला नको."

मला काही क्षण फॉर्म दिसेना.

"आता आमाला काय मिळतंय का?" त्यानं विचारलं.

"खात्यात शिल्लक आहे ती वारस म्हणून मिळेल. पेन्शन बंद होते. मुलाला नाही मिळत."

"म्हाईत हाय. तरी इचारलं." तो डुगडुगत्या खुर्चीवर बसला. "म्याडम, तीस वर्षं मागावर काडली. फंड न्हाय, पेन्शन न्हाय. एका मालकानं कुटं नाव घातलं न्हाय. अव्वाचा अंगठा समद्या घराला लागत व्हता. माजा कुणाला लागंल?"

सहा वर्षांत पेन्शनबद्दल मला हजार प्रश्न विचारले गेले, बहुतेकांची उत्तरं नियमात सापडली. याचं सापडलं नाही. खातेदार वारल्यावर कार्ड कापून फाइलला लावायचं असतं. मी कात्री घेतली आणि त्याच्यासमोर कार्ड कापलं. त्यानं जिथे दाखवलं तिथे सही केली आणि उठला.

आता मी निवृत्त आहे. माझी पेन्शन येते आणि माझं कार्ड माझ्याच पर्समध्ये असतं. कॉलनीतल्या बायका अजून सल्ला विचारायला येतात. आईचं कार्ड भावाकडे असतं, काय करू, म्हणतात. मी आधी विचारते, आईला सकाळी भाकरी कोण करून देतं? उत्तर ऐकते आणि मगच नियम सांगते. पेन्शन कुणाची हे पासबुकात लिहिलेलं असतं. तिच्यावर काय काय तगून आहे हे नसतं, आणि मी ते न बघता कार्ड बंद केलं होतं.

मल्लिनाथ कधी कधी सात रस्त्यावर दिसतो. खांद्यावर भाकऱ्यांची पिशवी असते, दुकानादुकानांत मोजून देत जातो. मला बघितलं की नमस्कार करतो. मी त्याला सविता कशी आहे ते विचारते. त्याचं वय काय झालं, ते विचारत नाही.