शोरूमवालाच म्हणाला, गाडी घरी नेऊ नका

मंडळी, दुपारपासून डोकं चालत नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

आमच्या नव्या गाडीचं स्टिअरिंग चालता चालता अचानक जाम होतं. उल्हासनगरच्या शोरूममध्ये दोनदा दाखवलं. "मॅडम, स्कॅनरमध्ये फॉल्ट येत नाही," म्हणून दोन्ही वेळा तशीच परत दिली.

आज सकाळी जांभूळच्या वळणावर पुन्हा तेच. आई मागे बसलेली. गाडी वळेचना, सरळ समोरच्या टेम्पोकडे चालली. ब्रेक वेळेवर लागला म्हणून वाचलो.

आईला रिक्षाने कुळगावला पाठवलं आणि गाडी टो करून शोरूमला नेली. सर्व्हिसवाल्याला म्हटलं, "आता तुम्हीच चालवा, मी शेजारी बसते." अंबरनाथच्या रस्त्यावर त्याच्याही हातात स्टिअरिंग अडकलं. त्याने गाडी कशीबशी कडेला लावली.

परत आल्यावर मॅनेजरसमोर मात्र म्हणाला, "सर, थोडं हार्ड वाटतंय."

मॅनेजर म्हणाले, "स्टिअरिंगची मोटर बदलून देतो मॅडम. नवी गाडी वगैरे मिळत नसते."

मी बाहेर पडले तर तो मागून आला. "ताई, माझं नाव घेऊ नका. पण ही गाडी घरी नेऊ नका."

गाडी तिथेच ठेवून आलेय. मोटर बदलू दिली तर गाडी बदलून मागायचा हक्क जातो का? ग्राहक आयोगात गेले तर त्याच्याबद्दल सांगावं लागेल, आणि सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. खरं बोलणारा तिथे तो एकटाच होता.

तुम्ही काय केलं असतं?