रंगूमायची पातीची

जिवाभावाच्या माणसाला गावोगाव वेगळं नाव असतं. वाशीमच्या बाजारात तरणी पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ‘यार’ म्हणायची, कारंज्याच्या धान्यबाजारात ‘दोस्त’ चालायचा, आणि जुन्या माणसांचं ‘मैतर’वर भागायचं. रिठद गावच्या खालच्या पुऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायकांचा मात्र स्वतःचा एक शब्द होता, ‘पातीची’. पुऱ्याबाहेर तो कुणाला कळत नसे, आणि कळावा अशी त्या बायकांची इच्छाही नव्हती.

शब्द आला होता निंदणातून. सकाळी बायका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ओळीनं बसत आणि प्रत्येकीच्या वाट्याला पिकाचे तीन तास, म्हणजे तीन ओळी, येत. ती तिची पात. हातात खुरपं घेऊन, उकिडवं सरकत, गवत काढत समोरच्या धुऱ्याला पोचायचं. जिची पात आधी संपली तिनं खुशाल बाभळीखाली बसावं, पाणी प्यावं, तंबाखू मळावी. पण एखादी बसत नसे. ती वळायची, मागे पडलेलीच्या पातीत समोरून शिरायची आणि तिच्या दिशेनं निंदत यायची. मधे कुठंतरी दोघींची गाठ पडायची. अशी जी वळते ती पातीची. त्यातही एक मेख होती. आपण होऊन ‘मी अमकीची पातीची’ असं म्हणायची सोय नव्हती. जिच्यासाठी वळलात तिनं चारचौघींदेखत म्हणावं लागे. एकदा तिनं म्हटलं की मग बाळंतपण असो, दुखणं असो, नवऱ्याशी भांडण असो, सख्खी बहीण मागे आणि पातीची पुढे.

या पुऱ्यात निम्म्या बायकांची पातीची एकच होती, रंगूबाई. तिला सगळे रंगूमाय म्हणत. उंच, काटक, कपाळभर गोंदण, आणि जीभ अशी की मालकानंही दोन पावलं मागं सरावं. खुरपं धरलं की तिची पात सगळ्यांत आधी संपायची. मग ती शिव्या देत वळायची. ‘बसल्या बसल्या कमरेले मुंग्या आल्या काय वं’ असं ओरडत ती समोरून येई, आणि जिच्या पातीत ती शिरे तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राही. माणूस दुसऱ्याला मदत करताना गोड बोलतो, कारण त्याला आभार हवे असतात. रंगूमायला नको होते, म्हणून ती तोंड सोडायची. मला तरी असंच वाटतं.

स्वतः तिनं मात्र हा शब्द जन्मात एकदाच उच्चारला होता, कस्तुराबाईसाठी. दोघी एकाच साली लग्न होऊन पुऱ्यात आलेल्या, आणि नवेपणी रंगूमायची पात मागे पडायची तेव्हा कस्तुराबाईच वळायची. रझाकारांच्या धामधुमीच्या साली कस्तुराबाई पटकीनं गेली, आणि त्यानंतर रंगूमायच्या पातीत समोरून कुणी आलं नाही. तशी गरजही नव्हती. तिच्या पुढे होतंच कोण?

बावन्न साली जगदेवशी लग्न होऊन चतुरा या पुऱ्यात आली. तिचा बाप कारंज्याच्या बाजारात मापारी होता. तिनं जवारी पाहिली होती ती पोत्यातली. मारोतराव मालकाच्या वावरात पहिल्याच दिवशी तिनं गवताबरोबर जवारीची रोपंही मुठी भरभरून उपटली. सासूनं कपाळाला हात लावला. दुपार कलली तेव्हा बाकीच्यांच्या पाती संपल्या होत्या आणि चतुरा अर्ध्यावरही नव्हती. बाभळीखाली हसाहशी चालली होती. मान वर करायचीही तिला लाज वाटत होती.

तेवढ्यात समोरून कुणीतरी येताना दिसलं. रंगूमाय निंदत येत होती. चतुराजवळ पोचल्यावर तिनं उपटलेली रोपं उचलली, जी जगण्यासारखी होती ती ओल्या मातीत पुन्हा खोचली, आणि चतुराचा हात धरून एका पानावर ठेवला.

“डोयानं वळखू नको. डोया फसवते. बोटानं वळख. पानाच्या मधात जाड शीर लागली तं जवारी. नाई लागली तं गवत.”

चतुरानं बोट फिरवलं. शीर लागली. तिला इतका हुरूप आला की ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रंगूमाय, तुमी माया पातीच्या.” हा शब्द ती त्याच सकाळी शिकली होती. बाभळीखालच्या बायका पुन्हा हसल्या.

रंगूमाय मात्र हसली नाही. “पह्यले जवारी वळखाले शिक,” ती म्हणाली. “मंग मानसं वळखजो.”

चार वर्षांत चतुरा जवारी ओळखायला शिकली, कपाशी शिकली, तूर शिकली. दोन लेकरं झाली, हात चालू लागला. छप्पन साली पेरा उशिरा झाला होता आणि पोळा तीन आठवड्यांवर आला तरी निंदण चालूच होतं. त्या निंदणात पुऱ्यानं कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. रंगूमायची पात मागे पडू लागली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, कंबर धरली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, खुरप्याची धार गेली. तिसऱ्या दिवशी चतुरा तिच्या शेजारच्या पातीत होती. तिनं पाहिलं की रंगूमाय एकेका रोपाचं पान दोन बोटांत धरून चाचपते आहे, मगच खुरपं घालते आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जवारीचं एकही रोप ती चुकून उपटत नव्हती. पण एवढं चाचपायचं तर वेळ लागणारच.

मारोतराव वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी धुऱ्यावर उभं राहून तो शांतपणे म्हणाला, “रंगूबाई, लय वर्सं केलं तुमी. पोळ्यापर्यंत पाहू. पात बाकीच्याइच्या संग आली तं ठीक, नाई तं दुसरी बाई लावतो. तुमी आता लेकीकडं जा, आराम करा.”

रंगूमायला हे तोंडात मारल्यासारखं लागलं. तिला मागंपुढं कुणी नव्हतं. एकच लेक, ती वाशीमला दिलेली. पोळ्याला जावई बैलगाडी घेऊन येणार होता, आणि सासूनं आता कायमचं यावं असा त्याचा कधीपासूनचा आग्रह होता. त्याचं चुकत नव्हतं. पण पुऱ्याबाहेर रंगूमायला कुणी ओळखत नव्हतं, आणि डोळ्यांनी आता तीही नव्यानं कुणाला ओळखणार नव्हती. पात गेली की पुरा गेला. हे चतुराला समजलं.

म्हणून तिनं मनाशी एक ठरवलं, आणि तिथंच चुकली. रंगूमाय पुढून कुणाला येऊ देणार नाही हे तिला ठाऊक होतं. तेव्हा चतुरा आपली पात भराभर संपवायची, समोरच्या धुऱ्यावरून वाकून हळूच रंगूमायच्या पातीत शिरायची, गुडघाभर जवारीत लपून तिची निम्मी पात निंदून काढायची, आणि रंगूमाय जवळ यायच्या आत गुपचूप बाभळीखाली जाऊन बसायची. दोन दिवस हे जमलं. रंगूमायची पात सगळ्यांबरोबर संपली. मारोतरावानं मान डोलावली. बाकीच्या बायकांना दिसत होतं, पण त्यांनीही तोंडात गुळणी धरली.

तिसऱ्या दिवशी रंगूमायचं खुरपं थांबलं. डोळे गेले तरी बोटं शाबूत होती. हाताखालची माती भुसभुशीत लागत होती, गवताची काडी नव्हती, आणि मुळं तोडल्याचा ओला वास येत होता. ती उठून उभी राहिली.

“माया पातीत कोन आलं?”



“मी,” चतुरा म्हणाली.

“तुले कोनं बलावलं व्हतं?”

रंगूमायनं खुरपं पदरात गुंडाळलं आणि भर दुपारी ती घराकडं चालू लागली. जन्मात पहिल्यांदा तिनं पात अर्ध्यावर सोडली होती.

घरात पाय टाकल्यावर चतुराची सासू म्हणाली, “साऱ्याइच्या देखत आंधळी ठरवली तिले तुनं.”

“मी तं चांगल्यासाठीच केलं.”

“चांगल्यासाठी केलं तं लपून काहून केलं?”

हा प्रश्न चतुराला रात्रीच्या भाकरीसोबत गिळता येईना. रंगूमाय आयुष्यभर वळली ती उघड्यावर, शिव्या देत, सगळ्यांना दिसेल अशी. त्यात मागे पडलेलीचा मान होता. चतुरानं तेच काम चोरून केलं, आणि त्याची भीक झाली. कारंज्याच्या पोरीला चार वर्षांत जवारी कळली होती, पण पुऱ्याची ही रीत आत्ता कुठं कळत होती.

सकाळी दिवस उगवायच्या आधीच ती रंगूमायच्या घरी गेली. रंगूमाय गाठोडं बांधत होती. दोन लुगडी, एक तांब्या, कस्तुराबाईनं दिलेली जुनी वाकळ.

“काहून आली?” रंगूमायनं विचारलं.

“माफी मांगाले नाई आली.”

“मंग?”

“मी नवी व्हती तवा तुमी माया पातीत आल्या व्हत्या. लपून आल्या व्हत्या काय?”

“मी काहून लपू?”

“थेच मायं चुकलं. मी लपली. आज नाई लपत. आज साऱ्याइच्या देखत तुमच्या पातीत येईन. तुमी वावरात असा का नसा.”

रंगूमायनं गाठोड्याची गाठ आवळली आणि तोंड फिरवलं. चतुरा वावराकडं निघाली.

धुऱ्यावर पाती लावताना चतुरा म्हणाली, माझ्या शेजारची पात रिकामी ठेवा. मारोतराव वैतागला. “रिकामी पात कोन निंदन?”

“दोनी माया. दिस बुडाच्या आत झाल्या नाई तं उद्यापासून मलेबी बलावू नका.”

मारोतरावानं खांदे उडवले. चतुरा बसली आणि तिनं खुरपं चालवलं ते असं की बायका मान वळवून पाहू लागल्या. पाणी प्यायलाही ती थांबली नाही. दुपारी समोरचा धुरा गाठला. बाकीच्या दोन-चार जणी बाभळीकडं गेल्या. चतुरा धुऱ्यावर ताठ उभी राहिली, सगळ्यांना दिसेल असं तिनं खुरपं वर धरलं आणि ती रंगूमायच्या रिकाम्या पातीत शिरली. ऊन मी म्हणत होतं. दोन पाती एका बाईला दिवसात होत नसतात हे तिलाही माहीत होतं. तरी ती सरकत राहिली.

निम्म्या वावरात आल्यावर तिच्या पुढच्या जवारीत खसफस झाली. तिनं मान वर केली. समोरून गोंदणाचं एक कपाळ, खाली घातलेलं, संथपणे तिच्याकडं येत होतं. मागची सगळी पात स्वच्छ होती. रंगूमाय केव्हा आली, कुणाला न सांगता आपल्या जागी केव्हा बसली, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

चतुरा जागीच थांबली. रंगूमायचा हात पुढचं पान शोधत आला आणि चतुराच्या मनगटावर पडला. तिनं तो उचलला नाही. दोन बोटांनी बांगड्या बाजूला सारल्या, मनगटावरची शीर चाचपली.

“कोन व्हय?”

“वळखा.”

रंगूमाय उठली. बाभळीच्या दिशेनं तोंड करून, मालकालाही ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, “आयका वं बायाहो. हे माई पातीची हाय.”

त्या दिवशी हसायला कुणाला सुचलं नाही. चतुराच्या सासूनं पदर डोळ्यांना लावला. मारोतराव धुऱ्यावरून चालत आला, दोन्ही पाती त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या, आणि उद्यापासून या दोघींना शेजारशेजारच्या पाती लावा एवढंच सांगून तो गेला. दोन बाया, दोन पाती, दिवसात पुऱ्या होत होत्या. कोण कुठून आली हा त्याचा प्रश्न नव्हता.

पोळ्याला जावई आला. बैल धुतले, सजवले, पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपून त्यानं विचारलं, “मामी, गाठोडं कुठं हाय?”

“सोडलं.”

“काहून? तिकडं तुमाले काय कमी हाय?”

रंगूमाय ओट्यावर बसून खुरप्याला धार लावत होती. शेजारी चतुरा लेकराला घेऊन उभी होती.

“कमी काई नाई, बाप्पा,” रंगूमाय म्हणाली. जावयाशी इतक्या हळू आवाजात ती पहिल्यांदाच बोलत होती. तिनं खुरपं चतुराच्या दिशेनं केलं. “पन मी आली तं हे मधात कोनाले भेटीन?”

जावयानं कासरा हातात घेतला. मग रिकामी गाडी घेऊन तो वाशीमच्या वाटेला लागला.