खरवडायचा राहिलेला थर

डबा उघडण्याआधी ती रोज बोटं हुंगायची. कामाच्या वेळी हातमोजे असत, नंतर साबणाने दोनदा हात धुऊन झालेले असत, तरी हुंगायची. रक्ताचा गंजका वास आल्यासारखं वाटलं की पुन्हा नळाकडे. तोवर भाजी गार.

प्रसूतिगृहातल्या नर्सेस तिला वारवाली म्हणत. बाळंतपण झालं की बाळ आईकडे जाई आणि मागाहून पडलेली वार हिच्याकडे. वारेचे तुकडे कापायचे, धुवायचे, गोठवायचे, त्यांची भुकटी करायची आणि प्रयोगशाळेत बघायचं, की कुठली जनुकं जागी आहेत आणि कुठली रासायनिक खुणा बसून गप्प झालीत. कमी वजनाच्या बाळांच्या वारेत या खुणा वेगळ्या असतात का, एवढाच तिच्या पीएचडीचा प्रश्न. घरचे प्रश्न निराळे होते.

"लोक जे टाकून देतात, त्यात तू इतकी वर्षं काय शोधतेस गं?" आई विचारायची.

"शोधू दे हो," वहिनी म्हणायची. "ती डॉक्टर होईपर्यंत आपण पेशंट तरी होऊ."

उत्तर तसं सापडलं होतं. फरक होता, चांगला ठसठशीत. शेवटचं प्रकरण लिहायचं तेवढं उरलं होतं. सहज म्हणून तिने एक गोष्ट तपासली. मुली-बायकांच्याच पेशींत जागं असणारं एक जनुक मुलग्यांच्या वारेत गप्प आहे ना? ते गप्प नव्हतं.

चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं. वारेची गुळगुळीत बाजू बाळाकडची, खडबडीत बाजू गर्भाशयाला चिकटलेली. त्या खडबडीत बाजूवर आईच्या पेशींचा पातळ थर असतो, तो खरवडून मग आतलं कापायचं असतं. प्रयोगशाळेतल्या सीनियरने सुरुवातीला 'नीट धू' म्हटलं, हिने नीट धुतलं. खरवडलं कधीच नाही. बाळाचं म्हणून जे जे मोजलं, त्यात आई मिसळलेली होती. आणि भुकटीतून आता ती वेगळी काढता येणार नव्हती.

गाईड मॅडमनी आलेख पाहून चष्मा काढला. "मुलगे वगळ. फक्त मुलींवर लिही."

"पण मुलींच्या नमुन्यांतही आई असणारच, मॅडम. तिथे फक्त ओळखू येत नाही."

"मग परीक्षकालाही येणार नाही. मुदत संपत आलीय बाई तुझी. आता डोकं पुरे, हात चालव."

तिने मुलगे वगळून पाहिले. आलेख देखणा आला. तो जितका देखणा, तितका तिचा संताप वाढत गेला. सीनियरवर, मॅडमवर, सगळ्यांत जास्त स्वतःच्या नीट धुणाऱ्या हातांवर. तिने ती मुलींपुरती फाइल पुसून टाकली.

"मॅडम म्हणतात तसं लिहून मोकळी हो की," आई म्हणाली.

"आणि ते खरं धरून पुढे कुणी काम केलं तर? त्याची वर्षं फुकट जातील."

"आणि तुझी?"

तिने सगळी भांडी आपटत घासली. वहिनीनेही त्या दिवशी चेष्टा केली नाही.

सकाळी तिने मुदतवाढीचा अर्ज मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी मान वर केली नाही, पण पेनाचं टोपण काढलं. सही होईपर्यंत ती उभी राहिली. मग बाहेर येऊन प्रसूतिगृहाला फोन लावला.

"ताई, आज कुणी आहे का? बरं. वार बादलीत टाकू नका हं, मी खाली येतेच."