अल्योशाचा पक्ष आणि माझ्या बापाची जीप

"तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा की पाच?"

सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या कॉन्डोतला फंक्शन हॉल. दिवाळीचा फराळ. माझ्या हातात चकली आणि समोर अभ्यंकर. बँकेतले मोठे साहेब, आमच्या मराठी कट्ट्याचे कर्तेधर्ते. कट्ट्यावर मी मागच्या रांगेतला, आमची नीट ओळख आजच होत होती. या प्रश्नाआधी त्यांनी खांद्यावर हात ठेवून आडनाव विचारलं होतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही निघेना. मग गाव विचारलं. गाव परभणीकडचं, तेही काही बोलेना. मग त्यांनी देवाला कामाला लावलं. सिंगापूरच्या इमिग्रेशनवाल्यांनी या माणसाकडे शिकवणी लावावी. पासपोर्ट न उघडता माणूस कुठल्या आळीतला ते सांगेल.

मी चकली चावत वेळ काढत होतो. तेवढ्यात माझी नऊ वर्षांची पोरगी, यशू, इथल्या सिंगापुरी हेलात म्हणाली, "अंकल, वी डोन्ट हॅव गणपती, लाह. वी हॅव बुद्धा."

"अच्छा," अभ्यंकर म्हणाले.

एवढंच. शिवी नाही, आवाज चढला नाही. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात मात्र निघाला. असा हळूच निघाला की त्याचं त्यालाही कळलं नसेल. मला कळलं. तो खांदा पिढ्यान्‌पिढ्यांचा तयार आहे.

आमच्या कट्ट्याची एक रीत होती. महिन्यातून एकदा जमायचं आणि एकानं आपल्या घरातल्या मोठ्या माणसाची गोष्ट सांगायची. एकाचे पणजोबा संस्थानात कारभारी. दुसऱ्याच्या आजोबांनी कलेक्टरला टेनिसमध्ये हरवलेलं. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं की अख्ख्या महाराष्ट्रात शेण काढायला कुणी उरलंच नसेल. मी म्हणालो, "पुढच्या कट्ट्याला मी बोलतो. माझ्या वडिलांनी आमच्याकडे पक्ष चालवला. निळ्या झेंड्याचा. निवडणूकही लढले."

"नको हो," अभ्यंकर म्हणाले. "इथे आपण जातबित आणत नाही. आणि राजकारण तर नाहीच नाही."

मी चकलीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. यशू माझ्याकडे बघत होती.

त्या फराळाला मी अल्योशाला घेऊन गेलो होतो. अल्योशा सेम्बावांगच्या गोदीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. माणूस एवढा उंच की एमआरटीच्या गाडीत शिरताना दोन हप्त्यांत शिरतो. एस्टोनियाचा, पण रशियन बोलणारा. मी सरकारी स्कॉलरशिपवर रशियात जहाजबांधणी शिकलो, म्हणून आमची दोस्ती रशियनमध्ये. त्याचं इंग्रजी म्हणजे पाईप, व्हॉल्व्ह आणि शिव्या.

चकली-अपमान होऊन चहासुद्धा गार झाला नव्हता. अल्योशा त्या तीन शब्दांच्या इंग्रजीत अभ्यंकरांना सांगत होता की त्याच्या बापानं रशियन बोलणाऱ्यांचा एक छोटा पक्ष काढला होता. अभ्यंकरांचे डोळे लकाकले. "फॅसिनेटिंग. यू मस्ट स्पीक. संक्रांतीच्या कट्ट्याला या." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मराठीत सांगाल ना? पुण्याहून सगळ्यांचे आईवडील आलेले असतात. त्यांनाही कळू दे."

राजकारण नाहीच नाही म्हणणारे ओठ हेच. बदलले नव्हते, मी नीट बघून घेतलं.

मी जळलो. असा जळलो की गोदीत नेऊन मला लोखंडी प्लेटवर टेकवलं असतं तर वेल्डिंगचा गॅस वाचला असता. अल्योशाचा मला राग नव्हता. हेवा होता. राग एका दमात निघून जातो. हेवा टेबलाशेजारी बसून डबा खातो.

कारण त्याची गोष्ट मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कितीदा ऐकली होती. बाप कारखान्यात टर्नर. रशियाचं राज्य गेलं, देश बदलला आणि ज्या गावात उमेदीची वर्षं घालवली तिथेच माणूस परका झाला. नागरिक व्हायचं तर आधी भाषेची परीक्षा द्या. आई पन्नाशीत रडत रडत व्याकरण घोकते. लोकांच्या हातात राखाडी पासपोर्ट, ज्याच्यावर देशच नाही. मग यांनी पक्ष काढला. संसदेत मूठभर खुर्च्या मिळाल्या, त्यातली एक बापाची. मग भांडणं. पक्षाचे दोन झाले, दोनाचे चार. पुढारी एकेक करून मोठ्या पक्षांच्या मांडीवर जाऊन बसले. आता पक्षाच्या कचेरीत रंगीत मासे विकतात. अल्योशा हे सांगून टेबल हलेपर्यंत हसायचा. शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबासुद्धा त्याच्या तोडक्या इंग्रजीतून कळेल तेवढ्यावर हळहळायचे.

हसायचा. भर बाजारात, मोठ्यानं, बापाचं नाव घेऊन. मला याचाच हेवा. आमच्याही पक्षाचे तुकडे झाले. मोजायला बसावं तर मोजणारा फुटून वेगळा गट काढेल इतके. आमचेही पुढारी मांडीवर बसले. पण हे मी सिंगापुरात कुणाला हसून सांगू? माझी गोष्ट सुरू व्हायच्या आधीच समोरच्याचा हात खांद्यावरून निघतो.

संक्रांत आली. तोच हॉल. एसी एवढा की पेंग्विनांनी शाल मागितली असती. पुढच्या रांगेत आईवडील मंडळी, मधोमध अभ्यंकरांच्या आई. खाली जमिनीवर पोरं, त्यात यशू. अल्योशा उठला आणि म्हणाला, "ज्या भाषेसाठी बापानं पक्ष काढला, त्याच भाषेत बोलतो." मी मराठी केलं. टाळ्या.

रशियन हॉलमध्ये दोघांनाच येत होतं.

टर्नर बाप सांगितला. राखाडी पासपोर्ट सांगितला. "अरेरे," पुढची रांग म्हणाली. तो 'अरेरे' एवढा मऊ, एवढा गरम. मी आयुष्यभर तो ऐकला नव्हता. मला तो हवा होता. हावरटासारखा हवा होता.

अल्योशा बर्फातल्या प्रचारसभेचं सांगत होता. माझ्या तोंडातून निघालं, "प्रचाराला एकच जीप होती. वर कर्णा बांधलेला. गावाच्या वेशीत लोकांनी ती अडवली. म्हणाले, देवळापुढून तुमची गाडी जाणार नाही."

"देवळापुढून?" मागून कुणीतरी.

"चर्च म्हणायचं असेल," दुसरा.

मी थांबलो नाही. अल्योशा एक वाक्य बोलायचा, मी चार बोलायचो. "मग त्यांनी जीप वेशीबाहेर लावली. कर्णा खांद्यावर घेतला, बॅटरी डोक्यावर, आणि चालत गावात शिरले. बॅटरीतलं पाणी मानेवर सांडलं. अॅसिडच ते. कातडी गेली. तरी बोलत राहिले. निवडणूक हरले, अनामतसुद्धा गेली. दुसऱ्या दिवसापासून गावानं त्यांच्या वस्तीचा किराणा बंद केला. गिरणीवाला दळण घेईना. बायका पोत्यात जोंधळे घेऊन दुसऱ्या गावाला चालत जायच्या."

गोदीत विचारा, मी किती फेकतो ते. जहाजाला चरा पडला तर मी भगदाड सांगतो. पण त्या दिवशी एक अक्षर वाढवलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

 एक काका चष्मा पुसत होते. अभ्यंकरांच्या आईंनी पदर डोळ्याला लावला होता. "कसली ही माणसं म्हणायची," त्या म्हणाल्या. "दळण बंद करतात कुणी? माणुसकी नाही." मग मला, "विचारा हो त्यांना, गावाचं नाव काय?"

अल्योशानं माझ्याकडे पाहिलं. आपलं भाषण इतकं लांब कसं झालं हे त्याला कळत नव्हतं.

एस्टोनियाची दहा गावं मला तोंडपाठ आहेत. एक फेकलं असतं की सगळे तिळगूळ खाऊन घरी. यशू मांडी घालून वर बघत होती. तिला तो कर्णा ठाऊक होता. गावी गेलो की ती त्यात तोंड घालून ओरडते.

"टाकळी," मी म्हणालो. "जिल्हा परभणी. जीपमधला माणूस माझा बाप. दळण बंद झालं तेव्हा पोत्याचं एक टोक मी धरलं होतं."

चष्मा पुसणाऱ्या काकांनी चष्मा खिशात घातला.

अभ्यंकर उठले. आवाज अगदी सभ्य. "हे बरोबर नाही केलंत. पाहुण्यांच्या नावावर खपवलंत. सांगायचं होतं तर सरळ सांगायचं."

"सांगत होतो. दिवाळीत. तुम्ही नको म्हणालात."

"तो विषय वेगळा होता."

"विषय तोच होता, साहेब. टाळ्या वेगळ्या होत्या."

लोक उठले, खुर्च्या सरकल्या, विषय बदलले. तिळगुळाची ताटली फिरायला लागली. अभ्यंकरांच्या आईंनी अल्योशाचा हात हातात घेतला आणि तळव्यावर लाडू ठेवला. "गोड बोला हं." डोळे अजून ओले होते. मग माझ्यापुढे आल्या. लाडू हातात घेतला. थांबल्या. कागदी डिश ओढली, लाडू तीत ठेवला आणि डिश टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

ज्या माणसांसाठी रडल्या, त्यांतलाच एक समोर उभा राहिल्यावर त्याच्या हातात लाडू देववला नाही.

मी ती डिश तशीच त्यांच्याकडे परत सरकवली. "आई, हातात द्या. नाहीतर राहू द्या."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं घड्याळाकडे पाहिलं. लाडू टेबलावर राहिला.

बसस्टॉपवर मी अल्योशाला सगळं सांगितलं. वाटलं, आता हा मला उचलून बसखाली टाकतो. तो तळव्यावरचा लाडू बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ते माझ्या बापासाठी रडलेच नाहीत?"

"नाही."

"हरामखोर," तो म्हणाला. "माझ्या बापाला तर खुर्ची मिळाली होती. तुमच्या पक्षाला किती?"

"बापाच्या वेळी एकही नाही."

"मग जळ," तो म्हणाला आणि तळव्यावरचा लाडू मोडून अर्धा यशूला दिला. ती चघळत म्हणाली, "पप्पा, आजोबांची स्टोरी तू अंकलची म्हणून का सांगितली? सो कन्फ्यूजिंग."

पोरीनं एका वाक्यात मला सोललं.

मी अजून जळतो. अल्योशाच्या बापाच्या खुर्चीवर जळतो, त्याच्या मोकळ्या हसण्यावर जळतो, त्याच्या तळव्यावरच्या लाडवावर तर रोज जळतो. जळणारच. पण माझ्या बापाला आता मी दुसऱ्याचा कोट घालून कुठल्या हॉलमध्ये नेणार नाही. रडू मिळतं म्हणून नाही, टाळ्या मिळतात म्हणून तर नाहीच. पुढचा कट्टा सेम्बावांगला, माझ्या फ्लॅटच्या खालच्या मोकळ्या जागेत. मी बोलणार, मराठीत, गावाच्या नावासकट, गिरणीवाल्याच्या आडनावासकट. अभ्यंकरांनाही निरोप धाडलाय. न आले तरी ऐकू जाईल. कर्णा मी टाकळीहून मागवलाय.