हातभर उंचीच्या खिडक्या

उमेदीच्या दिवसांत मी ठाण्याच्या बांधकाम कचेरीत ओव्हरसियर होतो. पुण्याहून परीक्षा देऊन नुकताच आलो होतो आणि कागदावर रेघ ओढली की जमीन मुकाट्याने ऐकते, अशी माझी समजूत होती. त्या सुमारास कल्याणला बिगारीच्या मुलांसाठी, म्हणजे चार ते सहा वर्षांच्या पोरांसाठी, वेगळी इमारत बांधायचे ठरले. ते काम माझ्याकडे आले. कुणाच्या हाताखाली नसलेले माझे ते पहिलेच काम.

इमारत मी मनापासून बांधली. काळ्या दगडाच्या भिंती, शहाबादी फरशी आणि वर पन्हळी पत्रा, जो तेव्हा नवलाईचा होता. कचेरीच्या ठरीव नमुन्यात खिडक्या कमरेइतक्या उंचीवर होत्या. त्या मी स्वतःच्या अकलेने पुरुषभर उंच नेल्या. बाहेरून बैलगाडी गेली की मुलांचे चित्त उडते, तेव्हा बाहेरचे दिसूच नये, असा माझा विचार. आवारात एक जुनी चिंच होती. तीही तोडायची होती, पण कुऱ्हाडवाले आज येतो उद्या येतो करीत राहिले आणि ते राहूनच गेले.

मार्गशीर्षात शाळा भरू लागली. फाल्गुन संपता संपता कचेरीत तक्रार आली, की नव्या इमारतीला कुलूप आहे आणि वर्ग चिंचेखाली बसतो. वरच्या साहेबांनी शाळेच्या बाईंचा लेखी खुलासा आणायला मलाच पाठवले. मी रागातच गाडीत बसलो.

बाई तिशीच्या, विधवा, पुण्याला शिक्षकिणीचे शिक्षण घेऊन आलेल्या. त्या काळात बाईमाणसाने शाळा चालवायची म्हणजे गावाची बोलणी खायची. त्यांनी ते केव्हाच पचवले होते. मी पोचलो तेव्हा दोन प्रहर व्हायला आले होते. चिंचेखाली वीसेक मुले चिंचोके मांडून बेरीज करीत होती, दोन-तीन धुळीत बोटाने अक्षरे काढीत होती. मी बाईंना हुकूम दाखवला. त्यांनी तो पुरता वाचला आणि कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"खुलासा देते," त्या म्हणाल्या. "आधी आत जाऊन बसा. उभे राहू नका, मुले बसतात तसे खाली बसा."

मी कुलूप काढून आत गेलो. तिथे फक्त मी होतो, म्हणून बसायला लाज वाटली नाही. फरशी कोमट लागली. वरचा पत्रा उन्हाने फुगून कडकड वाजत होता आणि त्याची धग टाळूवर उतरत होती. समोर माझी भिंत, बाजूला माझी भिंत. खिडकीतून पांढऱ्या आभाळाचा एक चौकोन तेवढा दिसे. त्यात पानही नव्हते. बाहेर मुले हसत होती, ते विहिरीच्या तळाशी बसून ऐकावे तसे कानी येत होते. पाव घटका झाली असेल नसेल, मला उठून पळावेसे वाटू लागले.

इतक्यात एक चार-पाच वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिने मला नीट न्याहाळले आणि विचारले, "तुम्हाला पण शिक्षा झाली?"

बाई मुलांना शिक्षा म्हणून तिथे पाठवीत नव्हत्या, हे नंतर कळले. मुलांनी ती समजूत आपल्या आपण करून घेतली होती.

मी बाहेर आलो तेव्हा खुलाशाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. चिंचेच्या मुळावर बसून आम्ही बोललो. त्यांनी सांगितले, की पुण्याला शिकत असताना तिथल्या एका मडमेने त्यांना विलायतेकडच्या बालशाळांची हकिकत सांगितली होती. तिकडे अशा शाळेला मुलांची बाग म्हणतात. मुले तिथे माती कालवतात, वाफे करतात, पाखरांना दाणे टाकतात, आणि त्यातूनच शिकतात. "आपल्याकडे बाग करावी लागत नाही," त्या म्हणाल्या. "आहे ती बाहेर ठेवली नाही म्हणजे झाले."

ठाण्याला परतून मी खुलासा लिहिला, पण माझा. चूक शिक्षकिणीची नाही, नकाशाची आहे आणि नकाशात फेरफार मी केला, असे सही करून दिले. साहेबांनी तो दोनदा वाचला. मला वाटले, नोकरी गेली. ते एवढेच म्हणाले, की पावसाआधी दुरुस्त करा आणि पुन्हा मला त्या चिंचेबद्दल काही ऐकवू नका.

पुढच्या खेपेला बाईंनी मुले ओळीने बसवली आणि बसलेल्या मुलाचा डोळा जमिनीपासून किती उंच असतो, ते मी मोजले. पुलाच्या कमानीवर किती भार येतो ते मला शिकवले होते. हे कुणी शिकवले नव्हते. माप हातभर भरले. तेवढ्या उंचीवर मी पूर्वेच्या आणि उत्तरेच्या भिंती फोडून रुंद खिडक्या काढल्या. पत्रा उतरवून गावठी नळीची कौले घातली. निम्मी फरशी उखडून तिथे चोपलेली माती आणि शेणाचे सारवण केले. पश्चिमेचे ऊन अडवायला लांब पडवी काढली, आणि चिंचेला मातीचा पार बांधला.

पडवीला कारवीचा कूड घालायचा होता. त्यासाठी टिटवाळ्याच्या पलीकडल्या डोंगरातला ठाकूर जमातीचा एक वयस्क माणूस मिळाला. कारवीच्या काठ्या उभ्या गुंफून त्यावर शेणमाती लिंपायची, हे काम त्याच्या हातात होते. मी घाई करीत होतो. तो म्हणाला, अंधाऱ्या पंधरवड्याशिवाय कुडाच्या आधाराच्या बांबूला कुऱ्हाड लावणार नाही, चांदण्यात तोडलेल्याला कीड लागते. मला हसू आले, पण थांबलो. घाईपोटी काही बांबू मी बाजारातून आणले होते. दोन वर्षांत त्यांचा भुगा झाला. त्याचे बांबू जसेच्या तसे राहिले. ते चंद्रामुळे की त्याला झाडाची पारख होती म्हणून, हे मी अजून सांगू शकत नाही.

गावातल्या पालकांना मात्र हे मुळीच रुचले नाही. एक वजनदार वकील चार गृहस्थांना घेऊन आले. दगडी इमारत दिली होती ती सरकारने काढून घेतली आणि आता आमच्या मुलांना शेणामातीच्या खोपटात बसवता, त्यातून चिंचेखाली, असे त्यांचे म्हणणे. मी हवा आणि उजेड यांवर बरेच बोललो; ते वाया गेले. शिकून मातीतून वर यावे म्हणून मुलगा शाळेत घालायचा, आणि शाळेने त्याला पुन्हा मातीत बसवायचे, हे त्यांना पटेना. विचार केला तर त्यांचे दुःख खोटे नव्हते. अकरा मुले शाळेतून काढली गेली. बाई घरोघरी गेल्या. सात परत आली. वकिलांचा नातू आला नाही.

भाद्रपदात एक धामण हातभर उंचीच्या खिडकीतून सरळ वर्गात आली. चावली कुणाला नाही, पण गावभर बोभाटा झाला. मी बांबूच्या बारीक जाळ्या करून बसवल्या, आणि वकिलांच्या घरी जाऊन सांगितले, की याबाबतीत तुमचे खरे होते, मला हे सुचायला हवे होते. त्यांनी पानाचे तबक पुढे केले. नातवाला तरीही पाठवले नाही.

हे पुढचे झाले. ज्येष्ठात काम संपले त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. ठाकूर हातपाय धुऊन पडवीत उभा होता. मुले त्याने लिंपलेल्या ओल्या भिंतीला हात लावून पाहत होती, तो त्यांना अडवीत नव्हता. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "साहेब, आमची पोरं हितं बसली तर चालंल?"

इतके दिवस तो माझ्या शेजारी काम करीत होता आणि हा प्रश्न एकदाही माझ्या मनात आला नव्हता. बाई पुढे झाल्या. "आणा की. मी बसवीन," त्या म्हणाल्या. तो हसला. वाट पाच कोसांची होती, मध्ये नदी. रोज कोण आणणार, असे पुटपुटून त्याने कोयता कमरेला खोचला आणि निघाला.

त्याच्या वाडीला शाळा द्यावी म्हणून मी दोनदा लिहिले. दोन्ही कागद मुलांची संख्या अपुरी या शेऱ्यासह परत आले. पुढे माझी बदली रत्नागिरीकडे झाली. तिथे पूल बांधले, धर्मशाळा बांधल्या, एक बंदरावरची वखार बांधली. बाईंचे वर्षाकाठी एखादे पत्र येई. त्यातून कळले, की ठाकूर दरवर्षी दिवाळीनंतर न बोलावता येतो आणि पावसाने खाल्लेला कूड लिंपून देतो. कामाला चार दिवस लागतात. येताना नातीला घेऊन येतो, आणि तो लिंपत असतो तोवर ती वर्गात बसते. चार दिवसांत चार अक्षरे शिकते, वर्षभर डोंगरात ती धुळीत गिरवते, आणि पुढच्या दिवाळीला तिथून पुढे सुरू करते.

तिला वर्गात बसवण्यावरून कुणी कुरकुर केली का, असे मी विचारले होते. केली, एवढेच बाईंनी लिहिले. त्यांचीही बदली झाली त्या वर्षी मुलगी 'प'पर्यंत आली होती.